परदेशी बँडची रिकामी खुर्ची

वरातीतला बँडवाला जो ट्रम्पेट तोंडाला लावून चालत असतो, त्याची वेटोळी नळी सरळ केली तर जवळजवळ दीड मीटर भरते. एवढ्या लांब नळीला कळा मात्र तीनच. मधली दाबली की हवेचा रस्ता किंचित लांबतो आणि सूर अर्ध्या स्वराने उतरतो. पहिलीने एका स्वराने, तिसरीने दीड स्वराने. तिन्ही कळांचे सगळे मेळ मांडले तरी हाती येतात नळीच्या फक्त सात लांब्या. मग दोन-अडीच सप्तकं येतात कुठून? ओठांतून. ओठ सैल ठेवून फुंकलं तर खालचा सूर, जरा आवळले तर कळ न हलवता त्याच नळीतून वरचा, आणखी आवळले तर त्याच्याही वरचा. पेटीत सूर तयार ठेवलेला असतो, पट्टी दाबली की मिळतो. ट्रम्पेटवर तो दर वेळी नव्याने घडवावा लागतो. त्यामुळे एकच ट्रम्पेट दोघांच्या हातात दिला तर ओळखू येणार नाही इतका वेगळा वाजतो.

हे वाद्य आपल्याकडे आलं पलटणींच्या बँडबरोबर. छावण्या, मग संस्थानिकांचे बँड, तिथून लग्नाचा मांडव, असा त्याचा प्रवास सांगितला जातो आणि तो बरोबरच आहे. पण पलटणीतला ट्रम्पेट ताठ मानेने, पावलांच्या ठेक्यात वाजतो. आमच्या मराठवाड्यातल्या चाकूरच्या वरातीत ऐकू येणारा तसा वागत नाही. तो सुराला खालून ढुशी देत वर येतो, मध्येच घसरतो, तालाच्या मागे जरा रेंगाळून पुन्हा त्याला गाठतो. वाद्य साहेबाच्या फौजेने दिलं, पण ही खोडी त्याला कुणी शिकवली?

तिचा माग काढत गेलं की आपण 1935 सालच्या मुंबईत पोचतो, अपोलो बंदरावरच्या ताजमहाल हॉटेलात. तिथे त्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या काळ्या वादकांचा एक बँड नोकरीला लागला होता. प्रमुख होता लिऑन अ‍ॅबी, मिनेसोटातला व्हायोलिनवादक. हे लोक न्यूयॉर्कहून थेट आले नव्हते. अ‍ॅबीने आधी दक्षिण अमेरिका आणि युरोप पालथा घातला होता, आणि त्याच्या साथीदारांपैकी काहींना घर सोडून दहा-पंधरा वर्षं झाली होती.

घर सोडण्याचं कारण उघड होतं. त्या काळच्या अमेरिकेत ज्या हॉटेलात काळ्या वादकाने रात्रभर गोऱ्यांना नाचवायचं, त्याच हॉटेलात त्याला झोपायला खोली मिळत नसे. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसने अशा वादकांना हातावर झेललं. पुढे जागतिक मंदी आली. फ्रान्सने परदेशी वादकांच्या संख्येवर मर्यादा घातली. ब्रिटनने 1935 मध्ये अमेरिकी बँडना परवाने देणंच थांबवलं. पश्चिमेची दारं अशी एकेक करून लागत गेली आणि बोटी पूर्वेकडे वळल्या: शांघाय, कोलंबो, कलकत्ता, मुंबई. कलाकार नव्या क्षितिजांच्या ओढीने देशोदेशी हिंडतात असं आपण भाबडेपणाने लिहितो. प्रत्यक्षात बहुतेकदा कुठल्या तरी सरकारी कचेरीतल्या शिक्क्याने त्यांची वाट ठरवलेली असते.

आणि मुंबईतली गंमत पाहा. ताजच्या हाकेच्या अंतरावर यॉट क्लब होता, त्यात हिंदी माणसाला प्रवेश नव्हता. असल्याच मज्जावाला कंटाळून विलिंग्डन क्लब निघाला होता. अशा शहरात अमेरिकेतून आलेला काळा माणूस टक्सिडो घालून ताजच्या मंचावर उभा राहतो आणि खाली संस्थानिक, पारशी शेठ, इंग्रज अंमलदार त्याच्या तालावर पाय हलवतात. ज्या साम्राज्यात कातडीच्या रंगावरून माणसाची पायरी ठरत होती, तिथे या लोकांची पायरी नेमकी कोणती हे कुणालाच नीट ठरवता आलं नसावं.

अ‍ॅबीच्या मागून ताजचा बँड चालवला क्रिकेट स्मिथने. क्रिकेट हे टोपणनाव; खरं नाव विल्यम. हा माणूस मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत अद्भुत वाटतो. पहिल्या महायुद्धाच्या आधी न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीस युरोप यांच्या वाद्यवृंदात तो कॉर्नेट वाजवत होता आणि ते वादन तबकडीवर उतरलेलं आहे. जॅझ हा शब्द पहिल्यांदा तबकडीच्या लेबलावर छापला गेला 1917 मध्ये. म्हणजे ज्या संगीताला अजून नावही चिकटलं नव्हतं, त्याच्या जन्माच्या वेळी हजर असलेला माणूस वीस-बावीस वर्षांनी मुंबईत येऊन नोकरी करत होता! 1936 मध्ये त्याच्या बँडने मुंबईतच तबकड्या भरल्या. त्यातल्या एकीवर मेना सायलस या मुंबईकराने रचलेला फॉक्सट्रॉट आहे, नाव 'ताजमहाल'. नरेश फर्नांडिस यांनी 2012 मध्ये या सगळ्या जमान्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्याचं नाव त्यांनी याच फॉक्सट्रॉटवरून घेतलं.

स्मिथच्या शेजारी बसणारेही साधे नव्हते. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणारा रूडी जॅक्सन 1927 पर्यंत ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात होता. तिथे त्याने एक चाल आपली म्हणून एलिंग्टनला दिली; ती निघाली किंग ऑलिव्हरच्या जुन्या रचनेवरून उचललेली. प्रकरण तापलं आणि जॅक्सनला निघावं लागलं. ती रचना पुढे एलिंग्टनच्या नावावर अजरामर झाली, आणि ती आणणारा माणूस हिंदुस्थान आणि सिलोनमधल्या हॉटेलांत वर्षानुवर्षं वाजवत राहिला. देशोदेशीच्या बँडमध्ये असा एखादा हमखास असतो, ज्याला परत जायची फारशी घाई नसते.

या मंडळींचं वर्ष कसं जायचं, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला तमाशाच्या फडाइतका चांगला दाखला नाही. दसऱ्याला फड उभा राहतो, जत्रांच्या मागे गावोगाव फिरतो, पावसाळ्यात मोडतो. कलावंताने उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तो फडाला बांधलेला. हॉटेलच्या बँडचा हंगामही तसाच हवामानावर चालायचा. हिवाळ्यात मुंबई-कलकत्ता-लाहोर, उन्हाळा लागला की साहेब लोक आणि त्यांचा सगळा कारभार थंड हवेच्या ठिकाणी सरकायचा, त्यांच्यामागे बँडही मसुरी, नैनिताल, दार्जिलिंगला. हॉटेलशी करार, कराराची मुदत, मुदत संपली की पुढची बोट. फडासारखाच इथे एक जण मालक नि बाकीचे गडी, आणि फडासारखीच भांडणं, रुसवे आणि ऐन हंगामात दुसऱ्या फडात उडी.

रात्री मात्र फडाहून वेगळ्या. संध्याकाळी चहाच्या वेळेला हलकं काहीतरी, मग जेवताना, मग नाच. एकच श्रोता आठवड्यातून चार वेळा येणार, म्हणजे गाणी सतत बदलायला हवीत. घरी असताना जो वादक आठवड्यातून एखादा कार्यक्रम करतो, तो परदेशात रोज पाच-सहा तास वाजवतो, आणि त्याचा हात बनतो तो तिथेच. पुढच्या पिढीत, रॉक संगीताच्या काळात, हेच पुन्हा घडलं. लिव्हरपूलची पाच पोरं ऑगस्ट 1960 मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला गेली. एका सिनेमागृहाच्या पडद्यामागच्या कोंदट खोलीत राहायची आणि रोज रात्री चार-सहा तास वाजवायची. त्यांच्यातला जॉर्ज हॅरिसन फक्त सतरा वर्षांचा निघाला म्हणून पोलिसांनी त्याला नोव्हेंबरात परत पाठवलं. पण परतलेले बीटल्स ऐकून लिव्हरपूलकर चकित झाले. गेली तेव्हा पोरं होती, आला तो बँड.

बीटल्स तीन महिन्यांत परतले. पण जे दहा वर्षं परततच नाहीत, त्यांच्या बँडचं काय होतं?

त्यांच्यातल्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागतात. एखाद्याला आईची आठवण अनावर होते. एखाद्याचा करार संपतो, त्याला जास्त पैशाचं काम शांघायला मिळतं. कुणी आजारी पडतो, कुणी लग्न करतो, कुणी बँडमास्तरशी भांडतो. गावातला फड असता तर शेजारच्या गावातून दुसरा ढोलकीवाला आणता आला असता. मुंबईत बसून शिकागोहून ट्रम्पेटवाला मागवायचा तर पत्र जायला महिना, माणूस यायला महिना, आणि बोटीचं भाडं कुणाच्या डोक्यावर? इकडे आज रात्री नऊला नाच आहे. एक जरी खुर्ची मोकळी ठेवली तर आवाजात भोक पडतं. तेव्हा शहरात जो कुणी मिळेल त्याला बसवायचं.

पण बसणार कोण? या बँडचं संगीत कागदावर लिहिलेलं असायचं, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद, पाच रेघांवर काळे ठिपके. ते पाहून, तालीम नसतानाही, पहिल्या झटक्यात वाजवता यायला हवं. आपल्या रागदारीतला मोठ्यातला मोठा उस्ताद इथे निरुपयोगी ठरला असता. हिंदुस्थानात हे सहज करू शकणारी माणसं मोजक्याच ठिकाणी होती, आणि त्यातलं सर्वांत मोठं ठिकाण होतं गोवा. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना प्रार्थनेबरोबर संगीताचं वाचन शिकवलं जाई. गावच्या मास्तराच्या छडीखाली पोरगा आधी रेघांवरचे ठिपके म्हणायला शिकायचा, मग व्हायोलिन हाती यायचं. शिकून पोटापाण्यासाठी मुंबईला. तिथे धोबीतलाव, माझगावात गावागावाच्या 'कुडी' असत, म्हणजे एकेका गावातल्या पुरुषांनी वर्गणी काढून चालवलेली राहायची जागा. एक ट्रंक ठेवायची, रात्री अंथरूण टाकायचं.

हे गोवेकर कायद्याने पोर्तुगालचे प्रजाजन होते. 1961 पर्यंत मुंबई त्यांच्यासाठी परदेशच. 1955 मध्ये भारताने गोव्याची नाकेबंदी केल्यावर घरी जाणंसुद्धा कटकटीचं झालं. म्हणजे अमेरिकेतून आलेल्या परदेशी वादकाच्या शेजारी रिकाम्या खुर्चीवर येऊन बसला तो दुसरा परदेशी. आणि खरं सांगायचं तर तेव्हाच्या हिशेबाने चाकूरचा माणूसही मुंबईत परकाच होता. आपला मुलूख निजामाचा. नाणं हाली शिक्क्याचं. लातूरहून बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीत बसायचं, कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत चढायचं आणि निजामाच्या राज्यातून इंग्रजांच्या राज्यात उतरायचं.

खुर्चीवर बसल्यावर जे घडलं ते या गोष्टीचं मर्म आहे. जॅझच्या तबकड्या आणि छापील कागद मुंबईत आधीपासून येत होते. मग शेजारी माणूस कशाला हवा? कारण जॅझमधली मुख्य गोष्ट कागदावर उतरतच नाही. कागदावर दोन समान लांबीचे सूर लिहिलेले असतात. वाजवताना पहिला लांबतो, दुसरा आखडतो. किती लांबतो? लय संथ असेल तर जवळजवळ दुप्पट, लय वाढली की फरक कमी होत जातो. याला ते स्विंग म्हणतात, आणि त्याला गणित नाही. अंगात यावा लागतो. आघात पडतो तोही पहिल्या मात्रेऐवजी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. शिवाय गंधार आणि निषाद ते असे काही वाकवून लावतात की सूर कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, दोहोंच्या मधे कुठेतरी हेलकावत राहतो. मींड ऐकलेल्या कानाला हे लगेच कळतं. गोव्याच्या चर्चमध्ये शिकलेल्या हाताला मात्र ते शिकावं लागलं. ठिपके वाचता येणं ही खुर्चीवर बसण्याची पात्रता, आणि ठिपक्यांच्या मधलं न लिहिलेलं उचलणं ही खुर्चीवर बसल्याची कमाई. शेजारचा माणूस श्वास कधी घेतो, पाय कसा हलवतो, सुरात कधी उशिरा शिरतो हे रोज सहा तास खांद्याला खांदा लावून बसल्यावर कळत जातं.

कुडचड्याचा फ्रँक फर्नांडिस, वादकांच्या दुनियेत फ्रँक फर्नांड, असाच ट्रम्पेट घेऊन अमेरिकी पियानोवादक टेडी वेदरफर्डच्या बँडमध्ये बसला. कावस खटाव नावाचा पारशी तरुण टेनर सॅक्सोफोन वाजवू लागला आणि रूडी कॉटन या नावाने गाजला. अल्दोनचा अँतोनियो झेवियर वाझ चिक चॉकलेट झाला. त्याने अमेरिकी ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगची ढब अशी उचलली की लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले, आणि ताजमध्ये त्याचा स्वतःचा बँड वाजू लागला. 1939 मध्ये तर ताजच्या बँडप्रमुखाच्याच खुर्चीवर मिकी कोरेया हे गोवेकर आले आणि वीसेक वर्षं हलले नाहीत. सुरुवातीला एक खुर्ची, मग चार, मग सगळा मंच.

वेदरफर्डची गोष्ट मात्र वेगळी सांगायला हवी. 1903 मध्ये व्हर्जिनियात, कोळशाच्या खाणींच्या मुलखात जन्मलेला हा पियानोवादक. ताजमहाल हॉटेल उघडलं तेही त्याच साली. शिकागोत एर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात तो आर्मस्ट्राँगबरोबर वाजवत होता. तिथेच थांबला असता तर आज त्याचं नाव जॅझच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात असतं. पण 1926 मध्ये त्याने शांघायची बोट धरली आणि उरलेलं जवळजवळ सगळं आयुष्य आशियात काढलं. मध्ये एकदा अमेरिकेला गेला तो शांघायसाठी बँड जमवायला. मुंबई, कोलंबो असं करत तो महायुद्धाच्या काळात कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात स्थिरावला.

युद्धामुळे समुद्र धोक्याचा झाला होता. स्मिथसारखे सोबती एकेक करून मायदेशी परतले. वेदरफर्ड राहिला. त्याच्या कलकत्त्याच्या बँडमधले लोक पाहिले की चकित व्हायला होतं: ब्रह्मदेशातून जपान्यांपुढे पळून आलेला बगदादी ज्यू क्लॅरिनेटवाला रूबेन सॉलोमन, तिथूनच आलेला सेड्रिक वेस्ट, गोवेकर, अँग्लो-इंडियन, एक नेपाळी ट्रम्पेटवाला. बँड अमेरिकी म्हणून गाजत होता आणि त्यात अमेरिकी माणूस औषधापुरता उरला होता. खरे अमेरिकी समोर नाचत होते, कलकत्त्यात उतरलेल्या फौजेतले शिपाई.

त्याच काळात, 1943 साली, बंगालमध्ये दुष्काळ पडला. मेलेल्यांचा अंदाज वीस ते तीस लाख. चौरंगीच्या फुटपाथवर माणसं भुकेने पडत होती, आणि त्याच चौरंगीवर ग्रँड हॉटेलात रात्री नाच चालू होता. याला वादक जबाबदार नव्हते. त्यांनी वाजवणं थांबवलं असतं तर कुणाला घासभर भात मिळाला नसता. पण दूरदेशी जाऊन वाजवणाऱ्याचं जगणं असं काचेआडचं असतं हे नोंदवायलाच हवं. ज्यांच्यासाठी वाजवायचं त्यांचं तो नोकर, आणि ज्या मातीवर उभा राहतो तिथल्या लोकांना अनोळखी.

शहराने शेवटी काच फोडलीच. एप्रिल 1945 मध्ये वेदरफर्ड कॉलऱ्याने गेला, एक्केचाळिसाव्या वर्षी, त्याच कलकत्त्यात जिथे 1884 मध्ये रॉबर्ट कॉखने कॉलऱ्याचा जंतू ओळखला होता. मीठ-साखरेच्या पाण्याने हा रोगी वाचतो हे दिलीप महालनोबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत दाखवून दिलं ते 1971 साली.

जो परदेशी बँड खुर्ची रिकामी होऊ देत नाही, त्याचं काय होतं याचंही उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. 1958 च्या सुमारास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगमधल्या पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पियानोवर होता झांझिबारहून आलेला पारशी मुलगा, फारूख बलसारा. एक जण नेपाळचा, पुढे तिथल्या सैन्यात जनरल झालेला व्हिक्टरी राणा. मुलं शाळेच्या कार्यक्रमांत रॉक अँड रोल वाजवायची. शाळा संपली, मुलं जगभर पांगली, बँड संपला. बलसाराचा फ्रेडी मर्क्युरी झाला, पण लंडनमध्ये. त्या पाच खुर्च्यांवर सातारा जिल्ह्यातलं कुणी येऊन बसलं नाही, बसण्याची सोयच नव्हती, आणि म्हणून पाचगणीत त्यातलं काही रुजलं नाही. जगातला एक महान गायक आपल्या डोंगरावर आठ वर्षं राहून गेला, आणि मागे राहिलं काय, तर शाळेचा अभिमान. ताजमध्ये वाजवणाऱ्यांपैकी कुणीही मर्क्युरीइतकं मोठं झालं नाही, तरी त्यांनी मागे अख्खा कारखाना ठेवला.

त्या कारखान्याचं पुढे काय झालं ते दारूबंदीने ठरवलं. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा. नाचघरातली दारू गेली तसे गिऱ्हाईक गेले, आणि बँडला पगार देणारे हॉटेलवाले हात आखडू लागले. गोवेकर वादकांनी बाजा उचलला आणि सिनेमाचा स्टुडिओ गाठला. फाळणीनंतर लाहोरहून आलेले सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, सगळे तिथे. संगीतकार पेटीवर चाल सांगणार. हे लोक ती रेघांवर उतरवून घेणार, पंचवीस व्हायोलिनं काय वाजवतील, ट्रम्पेट कुठे शिरेल, दोन कडव्यांच्या मधे काय भरायचं ते लिहिणार. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र त्यांची नावं शोधावी लागतात. फारच मेहरबानी झाली तर 'सहायक'. आपल्या सिनेसंगीताच्या इतिहासातला हा कोतेपणा मला अजून खुपतो.

सी. रामचंद्र, पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, यांनी मात्र चिक चॉकलेटला जवळ केलं. 1951 च्या 'अलबेला'त भगवानदादा नाचतात तेव्हा मागे झालरींच्या बाह्यांचे सदरे घालून वाजवणारा बँड चिक चॉकलेटचाच आहे, तो पडद्यावर दिसतो. नगर जिल्ह्यातला संगीतकार, अमरावतीत जन्मून दादरच्या गिरणगावात वाढलेला नट आणि अल्दोनचा ट्रम्पेट. ताजच्या नाचघरात ज्याला दारातून आत सोडलं नसतं, अशा माणसाने ती गाणी चार आण्यांच्या तिकिटात पाहिली आणि पडद्यावर पैसे उधळले.

आमच्या मुलखात ती पोचली रेडिओवरून. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवर सिनेगीतांना मज्जाव झाला, तेव्हा ती कोलंबोहून, रेडिओ सिलोनवरून येऊ लागली. ज्या कोलंबोत हे वादक हॉटेलांतून वाजवून गेले होते, तिथूनच त्यांच्या शिष्यांचा आवाज लातूर-नांदेडच्या चहाच्या हॉटेलांत घुमू लागला. जत्रेतल्या तंबूत सिनेमा लागे. आणि लग्नात लोक मागू लागले, हेच गाणं वाजवा. मराठवाड्यात हलगी-सनई वाजवणारे पिढ्यान्‌पिढ्या बरेचसे मातंग समाजातले. त्यांच्यातल्यांनी आणि मुसलमान वादकांनी क्लॅरिनेट, ट्रम्पेट हाती घेतले. इथे कागद नव्हता. गाणं चार वेळा ऐकायचं, म्होरक्याने तोंडाने म्हणून दाखवायचं, बाकीच्यांनी उचलायचं. गायकाची ओळ क्लॅरिनेट घेणार आणि मधला तुकडा ट्रम्पेट. तो तुकडा वाजवताना म्होरक्याला आर्मस्ट्राँग ठाऊक असायची गरज नव्हती. पडद्यावर ऐकलेल्या ट्रम्पेटने जिथे घसरायचं तिथे तो घसरायचा, जिथे रेंगाळायचं तिथे रेंगाळायचा. मुंबईत ठिपके वाचणाऱ्यांनी जे कानाने उचललं, ते इथे ठिपके न वाचणाऱ्यांनी पुन्हा कानानेच उचललं.

आता डीजेच्या भिंतींपुढे हे बँड हटत चालले आहेत, त्यावर मी इथे रडणार नाही. वाद्यं येतात आणि जातात. फ्रँक फर्नांडनेही पुढे ट्रम्पेट मागे ठेवून 'आमचें नशीब' हा कोंकणी सिनेमा काढला, 1963 मध्ये, गोवा भारतात आल्यानंतर.

वेदरफर्डच्या कलकत्त्याच्या बँडमधला तो नेपाळी ट्रम्पेटवाला मात्र सांगायचा राहिला. त्याचं नाव पुष्करबहादूर बुढाप्रिथी. बँडमध्ये तो जॉर्ज बँक्स झाला. घराणं संगीताचंच, नेपाळच्या पूर्वीच्या राजगीताची चाल त्याच्या पूर्वजाने बांधली होती. 1941 मध्ये दार्जिलिंगला त्याला मुलगा झाला, त्याचं नाव त्याने आर्मस्ट्राँगवरून लुई ठेवलं. हा लुई बँक्स पुढे मुंबईत आला, पियानोवर जॅझ वाजवत राहिला, पोटासाठी जाहिरातींचं संगीत करत राहिला. 15 ऑगस्ट 1988 ला दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' लागलं. आमच्याकडे ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या ओसरीत गल्ली जमायची. सुरुवातीला भीमसेन जोशींची भैरवी यायची. चाल अशोक पत्कींची. आणि त्या भैरवीभोवतीची वाद्यं बसवली होती लुई बँक्सने.